ठोकळे लागेपर्यंत

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून आलेलं अलायन्स एअरचं एटीआर ७२ अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर उतरलं आणि अमरावतीची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अशा वेळी चर्चा होते ती धावपट्टीची (बेलोऱ्याची १८५० मीटर आहे), तिकिटाची आणि श्रेयाची. उतरलेलं विमान शेवटी उभं कसं राहतं, याकडे फारसं कुणी बघत नाही. मला मात्र विमानप्रवासातला तोच भाग सगळ्यात जास्त विचार करण्यासारखा वाटतो.

विमान उभं करायच्या जागेलाही ‘स्टँड’च म्हणतात. आपल्या एसटी स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर शिट्टी वाजवतो आणि त्या शिट्टीच्या भरवशावर ड्रायव्हर न दिसणाऱ्या जागेत गाडी घालतो. विमानाचं दुखणं तेच, फक्त ते पुढे जाताना होतं. मोठ्या जेटचं पुढचं चाक वैमानिकाच्या पाठीमागे, पोटाखाली असतं. पंखांची टोकं बहुतेक वेळा त्याला दिसतच नाहीत. एटीआर तसं लहान, तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत २७ मीटर. या वर्गातल्या विमानाला स्टँडवर शेजारच्या विमानापासून किंवा खांबापासून किमान साडेचार मीटर अंतर राखावं लागतं.

सुरुवातीला ही अडचण नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून डाक घेऊन जुहूला आले ते एका इंजिनाच्या छोट्या पुस मॉथमधून, आणि उतरायला मैदान मोकळं होतं. विमानं मोठी झाली, एकमेकांना खेटून उभी राहू लागली, तशी बाहेरच्या डोळ्यांची गरज वाढली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानवाहू जहाजांवर दोन्ही हातांत फळ्या घेतलेला अधिकारी वैमानिकाला उतरवून घ्यायचा. त्याला चक्क ‘बॅट्समन’ म्हणत. पुढे १९४४च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली आणि तिच्या नियमांत जमिनीवरच्या हातखुणाही आल्या. त्यामुळे वैमानिक कुठलाही असो, समोरच्या मार्शलरची भाषा येवो न येवो, त्याचे हात त्याला वाचता येतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा निरोप पाठवून भागत नाही, तो पोचल्याची पावती यावी लागते. या हातखुणांत तीच शिस्त आहे. ब्रेक लावायला सांगताना मार्शलर उघडा पंजा खांद्याच्या वर धरतो, वैमानिकाच्या नजरेला नजर देतो आणि मूठ मिटतो. वैमानिकाने अंगठा दाखवेपर्यंत त्याने जागचं हलायचं नाही. मग चाकांना ठोकळे लागतात. हातातल्या कांड्या डोक्यावर एकमेकींना टेकवून तो तसं कळवतो आणि त्याचीही पोच घेतो. विमानाचा लाल लुकलुकता दिवा विझेपर्यंत बाकीच्यांनी जवळ जायचं नाही, कारण पंखा किंवा इंजिन फिरत असू शकतं.

मोठ्या विमानतळांवर माणसाच्या जागी यंत्रंही आली. आधी नुसते दिवे होते: दोन्ही हिरवे दिसले तर विमान मधल्या रेषेवर, एक लाल दिसला तर हिरव्याच्या बाजूला वळा. आता लेझर विमान ओळखतो आणि किती मीटर उरले तेही फलकावर दाखवतो. पण गेटवरून विमान निघताना पुन्हा माणसाचाच हात लागतो.

तिथे एक पोच चुकली तर काय होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. १६ डिसेंबर २०१५च्या रात्री एअर इंडियाचं हैदराबादला जाणारं विमान मागे ढकलून झालं होतं. जमिनीवरची माणसं अजून बाजूला झालेली नव्हती, तरी विमान पुढे निघालं आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. यंत्र नीट चालत होतं. ‘झालं, निघा’ ही खूण मात्र मिळायची राहिली होती.

अकोल्याचा शिवणी विमानतळ १९४३चा, म्हणजे बेलोऱ्याच्या कितीतरी आधीचा. नियमित प्रवासी विमान तिथे अजून येत नाही. विस्ताराची गोष्ट वर्षानुवर्षं कृषी विद्यापीठाच्या आणि खाजगी जमिनीभोवती फिरत राहिली आहे. धावपट्टीची मागणी रास्तच आहे, पण विमानतळ म्हणजे नुसती धावपट्टी नव्हे. आखलेली पिवळी रेषा, मोकळी ठेवलेली जागा आणि पोच मिळाल्याशिवाय पाऊल न उचलणारी प्रशिक्षित माणसं, हेही त्यात आलं. त्यासाठी मोर्चे निघत नाहीत.

अकोल्यात विमान येईल त्या दिवशी फोटो पुढाऱ्यांचेच निघतील. विमानासमोरच्या माणसाने कांड्या डोक्यावर टेकवल्या आणि वैमानिकाने त्याला पोच दिली, की विमान आलं असं मी म्हणेन.