कोयनेची दोन मुखे

महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारे पाणी पाच नद्यांचे, अशी परंपरागत श्रद्धा आहे. त्यांपैकी कोयना दक्षिणेस वाहत जाऊन हेळवाकपाशी पूर्वेस वळते व कऱ्हाडास प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तीच कृष्णा पुढे बेळगाव जिल्ह्यातून जाते. तेव्हा हा विषय आम्हां सीमाभागवासीयांना परका नाही.

निसर्गाने पूर्वेस धाडलेले हे पाणी माणसाने पश्चिमेस वळविले. हेळवाकनजीक १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, आणि १९६२ सालापासून जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीस उतरून वीज देऊ लागले. वीज देऊन झालेले पाणी वाशिष्ठीत जाते. उन्हाळ्यात रोडावणारी ही कोकणी नदी त्यामुळे बारमाही झाली. चिपळूणकरांना हा लाभच. परंतु गोडे पाणी सतत उतरू लागले की खाडीचा खारेपणा घटतो, आणि खाडीतील मासे व शिंपले तर याच खाऱ्यागोड्याच्या तोलावर जगतात. इकडे कृष्णेच्या खोऱ्यातून तेवढे पाणी कायमचे उणे झाले. म्हणूनच १९७६ च्या कृष्णा पाणीतंटा लवादाच्या अंतिम निवाड्याने कोयनेच्या या पश्चिमवळणास वार्षिक मर्यादा घातली.

खोऱ्यातील शेते, राने, गावठाणे व देवळांच्या जागा पाण्याखाली गेल्या. विस्थापितांना सोलापूर, ठाणे, रायगड अशा दूरच्या मुलखांत नव्याने चूल मांडावी लागली, आणि हक्काच्या जमिनीसाठी पुढे अनेक दशके झगडावे लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. सुमारे १८० माणसे मेली. जलाशयाच्या भाराचा व झिरपणाऱ्या पाण्याचा या भूकंपाशी संबंध आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

मात्र निसर्गाने आपली बाजू सोडली नाही. जलाशयाकाठच्या ज्या डोंगरांवरून माणसांचा वावर ओसरला, तेथे रान माजले. १९८५ साली तेथे अभयारण्य झाले; २०१० साली ते सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात आले, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली. पण जंगलाचा हा लाभ सांगताना त्याची किंमत कोणी मोजली, हे विसरणे अन्यायाचे होईल.

धरण नको होते, असे आमचे म्हणणे नाही; त्याच विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले व घरे उजळली. आमचे म्हणणे एवढेच की, देवळात तीर्थ घेताना आपण नदीला माता म्हणतो. तर तिच्या पाण्याचा हिशेब मांडताना खाडीतला कोळी, खालच्या अंगचा शेतकरी आणि उठलेल्या गावचा माणूस, हे तिघेही त्या हिशेबात असावेत. गोमुखाशी ओंजळ धरणाऱ्याने एवढे स्मरण ठेवणे, हेही तीर्थाचेच पुण्य होय.