कुलूपबंद जिना

चोरापासून मालमत्ता राखावयाची तर दार भक्कम हवें. आगींतून जीव वांचवावयाचा तर तेंच दार क्षणांत उघडावयास हवें. या दोन गरजांचा मेळ न घातल्यास काय घडतें, याचा धडा न्यूयॉर्क शहरानें २५ मार्च १९११ रोजीं फार मोठी किंमत देऊन घेतला.

त्या शहरांतील ॲश इमारत तळमजला धरून दहा मजल्यांची होती व अग्निरोधक म्हणून बांधलेली होती. वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल नांवाचा, बायकांचीं पोलकीं शिवण्याचा कारखाना होता. काम करणाऱ्यांत बहुतेक इटालियन व ज्यू तरुणी. कित्येकींना विसावें वर्षहि लागलें नव्हतें.

शनिवारीं काम सुटण्याच्या सुमारास आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांनीं पेट घेतला. तेथून दहाव्या मजल्यावर टेलिफोन गेला आणि तेथील जवळजवळ सर्व माणसें गच्चीवरून शेजारच्या इमारतींत जाऊन वांचलीं. नवव्या मजल्यावर मात्र सूचना पोंचलीच नाहीं. ज्वाळा दिसल्या, तीच सूचना. तेथील एका जिन्याचें दार कुलुपांत होतें. माल चोरीस जाऊं नये म्हणून मुलींनीं एकाच दारानें बाहेर पडावें व तेथें त्यांच्या पिशव्या तपासल्या जाव्या, अशी त्या कारखान्याची वहिवाट होती. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भारानें कोसळला. लिफ्ट चालविणाऱ्यांनीं जिवावर उदार होऊन खेपा केल्या, तेवढ्या मुली सुटल्या. बंबवाल्यांची शिडी सहाव्या मजल्याच्या वर पोंचेना. अर्ध्या तासाच्या आंत आग आटोक्यांत आली. परंतु १४६ जीव गेले होते.

मालकांवर खटला झाला. दाराला कुलूप असल्याचें त्यांना ठाऊक होतें, याविषयीं पंचांची खात्री पटली नाहीं व डिसेंबर १९११ मध्यें ते निर्दोष सुटले. न्यायासनापुढें जें साधलें नाहीं, तें पुढें कायद्यानें साधलें. त्याच वर्षीं राज्यानें चौकशी मंडळ नेमलें. कारखान्यांचीं दारें कामाच्या वेळीं कुलूपबंद ठेवण्यास कायद्याची मनाई आधींपासूनच होती; आतां त्या मंडळाच्या शिफारशींवरून आगीच्या प्रसंगीं बाहेर पडण्याची कवाईत सक्तीची झाली. ती आग रस्त्यावरून पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स या बाई १९३३ मध्यें अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या.

ती इमारत आजहि उभी आहे. अग्निरोधक हें तिचें नांव खोटें नव्हतें. भिंती टिकल्या, माणसें टिकलीं नाहींत. ज्या बिऱ्हाडाच्या खिडक्यांना गज आहेत, ज्या चाळीच्या जिन्यावर अडगळ रचलेली आहे, ज्या कचेरीच्या मागल्या दाराची किल्ली पहारेकऱ्याच्या कमरेला आहे, तेथें चोराची वाट बंद झाली असेल; परंतु घरच्या माणसांची वाट उघडी आहे किंवा नाहीं, हें संकट येण्यापूर्वींच पाहून ठेवावयास हवें.