सायबर सुरक्षेतील व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंट : एका परीक्षा-विषयाची ऐतिहासिक जडणघडण

प्रस्तावना

संगणक प्रणालीतील कच्चे दुवे शोधणे, त्यांचे गांभीर्य ठरविणे, त्यांची दुरुस्ती करणे आणि दुरुस्ती झाल्याची खात्री करून घेणे, या अखंड चालणाऱ्या प्रक्रियेस ‘व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंट’ असे म्हणतात. कॉम्पटिया या अमेरिकी संस्थेच्या ‘सायसा प्लस’ या प्रमाणपत्र परीक्षेच्या २०२३ मधील अभ्यासक्रमात या एका घटकास ३० टक्के भारांश देण्यात आला. या घटकातील संज्ञा व गुणांकन पाठ करता येते. मात्र त्या संज्ञा कोणत्या अडचणीतून जन्मास आल्या हे समजल्याखेरीज त्यांचा अर्थ उलगडत नाही. प्रस्तुत लेखात या जडणघडणीचा थोडक्यात आढावा घेतला असून, ज्ञात झालेला दुवा वेळेत दुरुस्त करणे हाच या विषयाचा गाभा आहे, असे प्रतिपादन केले आहे.

मॉरिस वर्म आणि समन्वयाची सुरुवात

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला वर्म इंटरनेटवर पसरला. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे ६,००० संगणक बाधित झाले. युनिक्स प्रणालीवरील टपाल-सेवेतील व इतर काही आज्ञावलींमधील दोष, तसेच सहज ओळखता येणारे पासवर्ड यांचा त्याने उपयोग करून घेतला. ठिकठिकाणचे तज्ज्ञ उपाय शोधत होते. परंतु परस्परांना माहिती कळविण्याची निश्चित व्यवस्था नव्हती. त्याच महिन्यात अमेरिकी संरक्षण विभागाच्या ‘डार्पा’ या संस्थेच्या पुढाकाराने पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ समन्वय केंद्राची स्थापना झाली.

समान नावाची गरज

१९९५ मध्ये ‘सेटन’ आणि १९९८ मध्ये ‘नेसस’ ही दुवे शोधणारी साधने उपलब्ध झाली. मात्र निरनिराळी साधने एकाच दुव्याला निरनिराळी नावे देत असल्याने त्यांच्या अहवालांची तुलना करणे कठीण होते. जानेवारी १९९९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील कार्यशाळेत मायटर या संस्थेच्या डेव्हिड मान व स्टीव्हन ख्रिस्टी यांनी सामायिक यादीची कल्पना मांडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२१ नोंदींसह ‘सी.व्ही.ई.’ यादी सुरू झाली. या यादीत प्रत्येक दुव्याला वर्ष व अनुक्रम दर्शविणारा एकच क्रमांक मिळतो. पुढे २००५ मध्ये ‘सी.व्ही.एस.एस.’ ही ० ते १० गुणांची पद्धती प्रचारात आली.

नाव व गुण मिळाल्यामुळे हे ज्ञान शिकविता व तपासता येऊ लागले. सी.आय.एस.एस.पी. (१९९४), जी.आय.ए.सी. (१९९९) आणि सिक्युरिटी प्लस (२००२) ही प्रमाणपत्रे याच कालखंडातील होत. तथापि गुणांकनाची मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. मूळ गुण दुव्याचे गांभीर्य सांगतो; तो दुवा ज्या संगणकावर आहे त्याचे संस्थेतील महत्त्व सांगत नाही. प्रयोगशाळेतील, जाळ्याशी न जोडलेल्या संगणकावरील ९.८ गुणांच्या दुव्यापेक्षा प्रवेश प्रक्रियेच्या सर्व्हरवरील ७ गुणांचा दुवा अधिक तातडीचा ठरू शकतो.

ज्ञात दुव्यांची किंमत

मोठ्या हानीमागे नेहमी अज्ञात दोषच असतो, असे इतिहास दर्शवीत नाही. २५ जानेवारी २००३ रोजी पसरलेल्या ‘स्लॅमर’ वर्मने वापरलेल्या दुव्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच दिला होता. १२ मे २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ हल्ल्याबाबतही हेच घडले. त्याचा पॅच १४ मार्चलाच उपलब्ध होता. तरीही ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले.

त्याच वर्षीचे इक्विफॅक्स प्रकरण अधिक बोलके आहे. अपाचे स्ट्रट्समधील दुवा मार्चमध्ये जाहीर झाला. कंपनीने अंतर्गत सूचना पाठविली, तपासणीही केली. परंतु त्या तपासणीत बाधित प्रणाली आढळलीच नाही. परिणामी सुमारे १४.७ कोटी व्यक्तींची माहिती चोरीस गेली. आपल्याकडे कोणती प्रणाली कोठे आहे याची नोंद अपुरी असेल, तर निर्दोष अहवालावरही विसंबता येत नाही.

जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ हल्ल्याची झळ महाराष्ट्रालाही लागली. मर्स्क समूहाचे कामकाज ठप्प झाल्याने न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्याच्या टर्मिनलवर मालवाहतूक खोळंबली. या हल्ल्यात वॉनाक्रायने वापरलेल्या दुव्याबरोबरच संगणकांतून चोरलेले पासवर्डही वापरले गेले. म्हणजे एक असुरक्षित संगणक पॅच केलेल्या संगणकांनाही धोक्यात आणू शकतो.

अग्रक्रमाचा प्रश्न

भारतात ‘सर्ट-इन’ ही संस्था जानेवारी २००४ पासून कार्यरत झाली. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ७० ब समाविष्ट होऊन तिला वैधानिक स्थान मिळाले, तर २०२१ मध्ये तिला सी.व्ही.ई. क्रमांक देण्याचा अधिकारही प्राप्त झाला. दरम्यान नोंदींची संख्या वाढतच गेली. २०२४ या एका वर्षात ती ४०,००० च्या घरात पोहोचली. एवढे सर्व दुवे तत्काळ दुरुस्त करणे कोणत्याही संस्थेस शक्य नाही. म्हणूनच नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘सिसा’ या अमेरिकी शासकीय संस्थेने प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या दुव्यांची स्वतंत्र यादी प्रसिद्ध केली आणि संघराज्य शासनाच्या नागरी विभागांना दुरुस्तीची मुदत घालून दिली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, सी.व्ही.ई.ने नावाचा, सी.व्ही.एस.एस.ने गांभीर्याचा आणि २०२१ च्या यादीने अग्रक्रमाचा प्रश्न हाताळला. वेळेत कृती करण्याची जबाबदारी मात्र प्रत्येक संस्थेची स्वतःचीच राहिली. बहुपर्यायी प्रश्नात एक उत्तर अचूक असते; प्रत्यक्षात दहा दुव्यांपैकी आज कोणते तीन दुरुस्त करावयाचे आणि उरलेले सात का थांबवावयाचे, याचे समर्थन करावे लागते. त्यामुळे महाविद्यालयीन अध्यापनात प्रत्येक संज्ञेबरोबर तिच्यामागील घटना शिकविणे आणि असा अग्रक्रम विद्यार्थ्यांकडून सकारण लिहून घेणे उचित ठरेल. अशा अभ्यासातून मिळालेले प्रमाणपत्र हे केवळ स्मरणशक्तीचे नव्हे, तर जबाबदारीच्या जाणिवेचेही द्योतक ठरू शकेल.