कोरं कापड आणि जखम

भिवंडीच्या मागावरून नुकत्याच उतरलेल्या ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडावर पाण्याचा थेंब टाकला, तर तो मण्यासारखा वरच थांबतो. कापसाच्या तंतूवर मुळातच मेण असतं. शिवाय ताणा तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ दिलेली असते. तेच कापड खळ काढून, सोड्यात उकळून, ब्लीच केलं की थेंब लगेच मुरतो. जखमेचा स्राव टिपायला हे मुरणंच लागतं. शस्त्रक्रियेचा इतिहास आपण चाकूचा आणि औषधांचा म्हणून सांगत आलो; जखम न चिघळण्यात कापडाचा आणि ते शुद्ध करणाऱ्या हातांचा वाटा मात्र त्यात फारसा येत नाही. तो यायला हवा, आणि त्यासाठीचा पुरावा पुण्यातच आहे.

टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. त्याचा वृत्तान्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये छापून आला. कातडी कशी कापली, हे सगळे सांगतात. पण वृत्तान्तात पट्टीचंही तपशीलवार वर्णन आहे: पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा, अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवायच्या आणि चार दिवस दुसरं काही लावायचं नाही. मग तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे.

यावर रास्त आक्षेप आहे: चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, तिथल्या जखमा तशाही लवकर भरतात, आणि ही शस्त्रक्रिया यशस्वी होते, असं वृत्तान्त म्हणतो खरा, पण फसलेल्यांची नोंद कोण ठेवणार? दोन्ही मान्य. जंतूंची कल्पना त्या वैद्याला नव्हती, काताने ते मरत होते असाही माझा दावा नाही. पण ताजी जखम झाकायची आणि उगाच उघडायची नाही, ही त्याची शिस्त आजही टिकून आहे: टाके घातलेल्या जखमेवर पहिले 24 ते 48 तास निर्जंतुक पट्टी ठेवावी, असं अमेरिकेच्या 1999 च्या मार्गदर्शिकेत आहे. जंतू मारण्यासाठी शल्यचिकित्सक लिस्टरने 1867 मध्ये कार्बोलिक आम्ल पुढे आणलं, तरी पुढे ते जखमेवर ठेवायला त्यालाही विरळ विणीच्या कापडाच्या, म्हणजे गॉजच्या, आठ घड्याच लागल्या.

प्रतिजैविकांनी कापडाचं हे काम संपवलं, असं कुणी म्हणेल. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये उलटंच बजावलं: गरज असेल तिथे मात्रा छेद घेण्याआधीच्या दोन तासांत द्यावी, शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ खबरदारी म्हणून चालू ठेवू नये. तेव्हा गॉज निर्जंतुक करण्याचं काम आहे तसंच उरतं. 121 अंशांची वाफ घडीघडीत शिरावी म्हणून निर्जंतुकीकरणाच्या ड्रममध्ये गॉज सैल भरावं लागतं. ठासून भरलं तर बाहेरच्या, वाफेने रंग बदलणाऱ्या चिकटपट्टीवरच्या रेघा काळ्या होतात, आणि मधल्या घड्यांपर्यंत वाफ पोचलेलीच नसते.