कापराची किनार

जुन्या गिटारीची कड खरवडली आणि खोलीत देवघराचा वास आला. कापूर! गिटारीत कापूर कुठून?

गिटारीच्या कडेने फिरणारी हस्तिदंती रंगाची पट्टी म्हणजे बाइंडिंग. ती नुसती शोभेची नसते. समोरची फळी जिथे बाजूला मिळते, तिथला लाकडाचा उघडा काप ती झाकते. दमट हवा आणि धक्के आधी तीच झेलते. अमेरिकेतली मार्टिन कंपनी महागड्या गिटारींना खरा हस्तिदंत लावायची. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे सेल्युलॉइड आलं.

सेल्युलॉइडचा शोधही हस्तिदंताच्या टंचाईतूनच लागला. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. जॉन वेस्ली हायट यांनी नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस आणि कापूर एकत्र दाबून नवा पदार्थ बनवला आणि १८७० मध्ये पेटंट घेतलं.

पण कापूर उघडा राहिला की उडतो. म्हणून तर आपल्याकडे कापराच्या डबीत मिरी टाकतात. पट्टीतला कापूरही वर्षानुवर्षं असाच उडत राहतो. पट्टी आखडते आणि गिटारीच्या कमरेच्या वळणावर लाकूड सोडते. माझ्या गिटारीचं तेच झालं होतं.

ओढून चिकटवली असती, तर पट्टी तुटली असती. मी ती शेपटाकडच्या सांध्यापर्यंत अलगद सोडवली, वळणात परत बसवली आणि कापडी टेपने आवळली. गरम हवा देण्याचा मोह टाळला, कारण हे द्रव्य झटकन पेट घेतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हाची फिल्मही याच कुळातली. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा जुन्या नायट्रेट फिल्मचा साठा जळाला. त्यातले किती सिनेमे आता कुणालाच दिसणार नाहीत!

कमरेपाशी पट्टी बसली, पण शेपटाशी चार मिलिमीटरची फट उरली. सगळी पट्टी काढून नवी प्लॅस्टिकची लावणं सोपं होतं. मी फटीपुरता तुकडा बसवला. त्याचा पांढरा रंग जुन्या पिवळ्याशी जुळत नाही. रंगवून तो लपवता आला असता, लपवला नाही. पट्टी किती आखडली, ते त्या चार मिलिमीटरांत मोजता येतं.