झकेरिया, रफिक
झकेरिया, रफिक : (५ एप्रिल १९२०–९ जुलै २००५). भारतीय कायदेपंडित, महाराष्ट्रातील राजकीय नेते, शिक्षणसंस्थापक व इंग्रजी ग्रंथकार. त्यांचा जन्म कोकणी मुस्लिम कुटुंबात नालासोपारा येथे झाला. मुंबई विद्यापीठाची एम्.ए. पदवी घेतल्यानंतर ते इंग्लंडला गेले. तेथे ते बॅरिस्टर झाले आणि लंडन विद्यापीठाची पीएच्.डी. ही पदवीही त्यांनी संपादन केली. १८८५ ते १९०६ या कालखंडातील मुसलमानांचे राजकारण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढे आयुष्यभर त्यांनी ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, त्याचा प्रारंभ येथेच दिसतो. स्वदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत वकिली केली व नंतर ते काँग्रेसच्या राजकारणात स्थिरावले.

१९६२ मध्ये ते औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. या शहराला वैभवाचे दिवस दाखविणारे पुरुष जवळच्या खुलताबादेत चिरविश्रांती घेत आहेत : खडकी या नावाने शहर वसविणारा मलिक अंबर, त्याला आपले नाव देणारा औरंगजेब आणि हैदराबादच्या निजामशाहीचा संस्थापक पहिला असफजाह. राजधानी हैदराबादला गेल्यावर मात्र औरंगाबाद मागे पडले. मराठवाड्याच्या विलीनीकरणानंतरही पाणी, रस्ते, उद्योग व उच्च शिक्षण यांची उणीव तेथे तीव्रतेने जाणवत होती.

झकेरिया यांनी राज्याच्या मंत्रिमंडळात दीर्घकाळ काम केले व नगरविकासाचे खाते सांभाळले. त्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्र्यांच्या समितीने १९६३ मध्ये नागरी स्थानिक संस्थांच्या उत्पन्नवाढीसंबंधी अहवाल सादर केला. पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते, दिवाबत्ती इ. सेवांवर शहराच्या लोकसंख्येनुसार दरडोई किती खर्च व्हावा, याची मानके या समितीने ठरवून दिली. ‘झकेरिया समितीची मानके’ म्हणून ती देशभर आधारभूत मानली गेली. तथापि बहुसंख्य नगरपालिकांचा प्रत्यक्ष खर्च त्यांहून कमीच राहिला. औरंगाबादेत १९७२ पासून ‘सिडको’ने नवे शहर उभारण्यास घेतले, त्यामागे झकेरिया यांचा पुढाकार होता. नव्या वसाहतींमुळे व औद्योगिक क्षेत्रांमुळे शहराचे रूप पालटले. परंतु तटबंदीच्या आतील जुन्या वस्तीची दाटी व नागरी सोयींची टंचाई तशीच राहिली.

१९६३ मध्ये त्यांनी औरंगाबादेत मौलाना आझाद एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. तिच्या मौलाना आझाद महाविद्यालयामुळे व स्त्रियांसाठीच्या स्वतंत्र महाविद्यालयामुळे सर्वसामान्य, विशेषतः मुस्लिम, कुटुंबांतील मुलामुलींना उच्च शिक्षणाची वाट खुली झाली. हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्थाही त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. या शैक्षणिक कार्यात त्यांच्या पत्नी, पत्रकार फातमा झकेरिया (पद्मश्री २००६, मृत्यू २०२१), यांचा मोठा वाटा होता. १९७८ ते १९८४ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या भारतीय शिष्टमंडळांतही त्यांचा समावेश होता.

त्यांच्या ग्रंथांपैकी द राइज ऑफ मुस्लिम्स इन इंडियन पॉलिटिक्स (१९७०), द वायडनिंग डिव्हाइड (१९९५), सरदार पटेल अँड इंडियन मुस्लिम्स (१९९६) व द मॅन हू डिव्हायडेड इंडिया (२००१) हे महत्त्वाचे आहेत. फाळणीने सर्वाधिक हानी मुसलमानांचीच केली, असे त्यांचे प्रतिपादन होते. जिनांवर त्यांनी फाळणीची मुख्य जबाबदारी ठेवली, तर पटेलांवरील मुस्लिमद्वेषाचा आरोप पुरावे तपासून अमान्य केला. एखाद्या खटल्याप्रमाणे साक्षीपुरावा मांडून निर्णयाप्रत येण्याची वकिली पद्धत त्यांच्या लेखनात सर्वत्र आढळते. हिंदू जातीयवादावर टीका करीत असतानाच स्वसमाजाच्या शैक्षणिक उदासीनतेवरही त्यांनी बोट ठेवले; त्यामुळे दोन्हीकडील कट्टर मताच्या लोकांना ते गैरसोयीचे वाटत.

मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन मात्र औरंगाबादेतील मौलाना आझाद महाविद्यालयाच्या आवारात करण्यात आले. मंत्रिपदापेक्षा नागरी सेवांची मानके व शिक्षणसंस्था हीच त्यांची अधिक टिकाऊ कामगिरी होय.