ग्लेनव्हेचा किल्ला आणि त्याच्या बागा

किल्ला हा शब्द कानांवर पडला कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें कांहीं ठराविक चित्रें उभीं राहतात : सह्याद्रीचा सुळका, ढासळलेला बुरूज, कातळांत खोदलेलें पाण्याचें टाकें, आणि जिनें एकेकाळीं मावळे वर चढले असतील ती अरुंद वाट. आयर्लंडांतील ज्या किल्ल्याविषयीं मी आज बोलणार आहें तो पाहावयास जातांना हीं चित्रें मागें ठेवलेलीं बरीं. ग्लेनव्हेचा हा किल्ला कोणा राजानें बांधला नाहीं, आणि शत्रूला अडविण्यासाठीं तर मुळींच बांधला नाहीं. तो पुरा होऊन उणींपुरीं दीडशें वर्षें झालीं. असें असूनहि तो पाहून परततांना मनावर जें ओझें येतें, तें पुष्कळशा रणसंग्राम पाहिलेल्या किल्ल्यांवरहि येत नाहीं. कारण येथील लढाई किल्ला उभा राहण्यापूर्वीच होऊन गेली होती, आणि त्या लढाईंत शस्त्र एकाच पक्षाच्या हातीं होतें. तें शस्त्र म्हणजे कायद्याचा कागद.

आयर्लंडच्या वायव्य कोपऱ्यांत डॉनिगॉल नांवाचा परगणा आहे. तेथील लेटरकेनी या गांवापासून सुमारें पंधरा मैलांवर डेरीव्हे नांवाची डोंगरांची रांग लागते, आणि त्या रांगेच्या कुशींत एक लांबट, अरुंद सरोवर पसरलेलें आहे. ग्लेनव्हे याचा आयरिश भाषेंतील अर्थ 'भूर्जवृक्षांची दरी' असा आहे. मोटारी दरीच्या तोंडाशींच थांबवाव्या लागतात. तेथून किल्ल्यापर्यंत सरोवराच्या कांठाकांठानें वाट जाते. बसची सोय आहे, परंतु मी पायींच निघालों. डावीउजवीकडे उघडे, तपकिरी डोंगर. पायाखालीं पाणी धरून ठेवणारी ती काळी, भुसभुशीत माती, जी कापून, वाळवून आयरिश शेतकरी पिढ्यान् पिढ्या चुलींत जाळीत आला. पाऊस पडत नव्हता, पण पडून गेल्याचें आणि पुन्हां पडणार असल्याचें हवा सांगत होती. अशा त्या उदास प्रदेशांत एका वळणावर एकाएकीं पाण्यांत पुढें आलेल्या भूशिरावर करड्या ग्रॅनाइट दगडाचा किल्ला दिसतो, आणि त्याच्या पाठीशीं दाट हिरवें झाडींचें वर्तुळ. आसपास कोठेंहि झाड नसतां हें एवढें रान येथेंच कसें, हा प्रश्न तेथल्या तेथें मनांत येतो.

त्या प्रश्नाचें उत्तर एका माणसाच्या हौसेंत आहे. जॉन जॉर्ज अडेअर हा आयर्लंडांतीलच एक सधन गृहस्थ. १८५७ ते १८५९ या काळांत त्यानें येथील जमिनी तुकड्यातुकड्यानें विकत घेतल्या. दरीचें सौंदर्य पाहून तो मोहित झाला होता, असें म्हणतात, आणि तें खोटें मानण्याचें कारण नाहीं. मात्र जमिनीबरोबर जमिनीवरील माणसेंहि त्याच्या वांट्याला आलीं. तीं माणसें म्हणजे बटाट्यावर जगणारीं, डोंगरावर चार मेंढ्या चारणारीं गरीब कुळें. १८४५ पासून चार-पांच वर्षें बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडांत जो भयंकर दुष्काळ झाला, त्यांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं आणि जवळजवळ तितकींच देश सोडून गेलीं. त्यांतून जीं वांचलीं त्यांपैकींच हीं होतीं.

नवा जमीनदार आणि कुळें यांचें पहिल्यापासूनच बिनसलें. अडेअर यानें स्कॉटलंडहून मेंढ्या आणि धनगर आणविले व डोंगरावरील चराई आपल्याकडे घेतली. मेंढ्या नाहींशा होऊं लागल्या तेव्हां त्यांची भरपाई आसपासच्या लोकांवर बसविण्यांत आली. पुढें नोव्हेंबर १८६० मध्यें त्याच्या एका कारभाऱ्याचें प्रेत डोंगरांत सांपडलें. खून कोणीं केला हें कधींच सिद्ध झालें नाहीं. परंतु कुळेंच खुनी माणसाला पाठीशीं घालीत आहेत अशी अडेअरची खात्री झाली, आणि एकाच्या अपराधासाठीं सगळ्या वस्तीलाच उठविण्याचा त्यानें निश्चय केला. गांवचे प्रॉटेस्टंट आणि कॅथॉलिक असे दोन्ही धर्मोपदेशक एकत्र येऊन त्याला विनवूं लागले. ज्या देशांत हे दोन पंथ सहसा एका ओळींत उभे राहत नसत तेथें ही गोष्ट लहान नव्हे. पण अडेअरचें मन द्रवलें नाहीं.

१८६१ सालच्या एप्रिल महिन्यांत, ८ तारखेस, शेरीफचा अधिकारी, सुमारें दोनशें पोलीस आणि पहारी घेतलेल्या मजुरांची टोळी अशी फौज डेरीव्हेच्या रानांत शिरली. पहिलें घर एका वृद्ध विधवेचें होतें. तिला आणि तिच्या मुलांना बाहेर काढून घर पाडण्यांत आलें. हें काम तीन दिवस चाललें. सत्तेचाळीस कुटुंबें, एकूण दोनशें चव्वेचाळीस माणसें, उघड्यावर आलीं. त्यांतील बहुसंख्य मुलें होतीं. घर रिकामें केलें कीं लगेच छप्पर उतरवीत किंवा भिंत पाडीत, म्हणजे रात्रीं परत येऊन आसरा घ्यावयासहि कांहीं उरूं नये. कांहीं कुटुंबें लेटरकेनीच्या गरीबखान्यांत गेलीं. बऱ्याच तरुणांना पुढें लोकवर्गणीच्या मदतीनें १८६२ सालीं ऑस्ट्रेलियास पाठविण्यांत आलें. जातांना जे आईबाप मागें राहिले त्यांची गांठ पुन्हां पडण्याची आशा कोणालाच नव्हती.

श्रोतेहो, येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. अडेअरनें केलें तें क्रूर होतें, पण बेकायदेशीर नव्हतें. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें बहुतेक आयरिश कूळ वर्षाच्या बोलीनें जमीन कसणारें होतें. मुदतींत नोटीस देऊन न्यायालयाचा हुकूम आणला कीं धनी त्याला उठवूं शके. त्याचा खंड थकला आहे कीं नाहीं, हा प्रश्नच नव्हता. कुळानें स्वतःच्या कष्टानें दगड वेंचून शेत केलें असेल, चार भिंती उभारल्या असतील, तरी त्याची किंमत त्याला मिळत नसे. डेरीव्हेच्या हकीकतीची चर्चा वर्तमानपत्रांत झाली, लंडनच्या पार्लमेंटांतहि प्रश्न निघाला. पण जें कायद्यानें केलें तें अन्याय म्हणून नाहींसें करण्याचा उपाय कायद्यापाशीं नव्हता. सत्तेचा जुलूम एकाच्या लहरीनें होतो तेव्हां तो लवकर ओळखतां येतो. तो मोहोर लावून, तारीख घालून येतो तेव्हां चांगलीं माणसेंहि 'काय करावें, नियमच तसा आहे' असें म्हणून मान फिरवितात.

माणसें गेल्यावर दरी मोकळी झाली. सुमारें १८७० च्या आगेंमागें अडेअरनें आपल्याच एका नातेवाइकाकडून आराखडा करवून हा किल्ला बांधला आणि १८७३ सालीं तो पुरा झाला. चार मजली चौकोनी मुख्य इमारत, एक गोल बुरूज, आणि वर जंग्यांची दांतेरी रांग. पण त्या जंग्यांतून कधीं बंदूक डोकावली नाहीं. व्हिक्टोरिया राणीच्या काळीं धनिकांना मध्ययुगीन थाटाचें घर हवें असे, तशांतलाच हा प्रकार. अडेअरला त्याचा उपभोग फार काळ लाभला नाहीं; अमेरिकेंत टेक्सासमध्यें गुरांचें अफाट कुरण त्यानें भागींत काढलें होतें, आणि अमेरिकेंतच १८८५ सालीं त्याचा अंत झाला. तेथील लोक एक गोष्ट सांगतात. पतीच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीनें एका खडकावर त्याचे गुण कोरविले, आणि एका वादळी रात्रीं वीज पडून तो खडक सरोवरांत कोसळला. गोष्ट खरी असो वा नसो. ती कोणीं रचली आणि कां रचली हें सांगावयास नको.

ती पत्नी म्हणजे कॉर्नीलिया अडेअर. ही बाई अमेरिकन, आणि तिची आठवण मात्र डॉनिगॉलमध्यें गोडव्यानें काढतात. किल्ल्याभोंवतींच्या बागा मूळ तिच्या. अटलांटिकवरून येणारा सोसाट्याचा वारा कोणतेंच नाजूक रोप जगूं देत नाहीं. म्हणून प्रथम स्कॉटिश पाइन वृक्षांचे दाट पट्टे लावून त्यांनीं वारा अडविला, आणि मग त्या आडोशाला बाग फुलविली. महासागरांतील उष्ण प्रवाहामुळें येथील हिंवाळा सौम्य असतो, पाऊस बारमहा पडतो, आणि माती आम्ल आहे. या तिन्हींचा मेळ कांहीं विशिष्ट झाडांना फार मानवतो. ज्याला आपल्याकडे कुमाऊं-गढवालांत बुरांस म्हणतात त्या ऱ्होडोडेंड्रॉनचें कूळ मूळचें हिमालय आणि चीनकडचें. त्याच्या जाती येथें वृक्षाएवढ्या वाढल्या आहेत. वसंताच्या दिवसांत त्यांचे लाल, पांढरे, पिवळसर गुच्छ त्या करड्या आभाळाखालीं पाहतांना मला क्षणभर घरचें कोणी परदेशांत भेटल्यासारखें वाटलें. त्यांच्या सावलींत ऑस्ट्रेलियांतील उंच वृक्षनेचे उभे आहेत. येथून माणसें ऑस्ट्रेलियास गेलीं आणि तिकडचे नेचे येथें आले, हा विचार मनांतून जाईना.

बागेंत हिंडतांना एक वाट लागते, तिला बेल्जियन वाट म्हणतात. पहिल्या महायुद्धांत जखमी झालेले बेल्जियमचे सैनिक कॉर्नीलियाबाईंनीं येथें विश्रांतीस ठेवून घेतले होते. त्यांनीं बरें होतां होतां ही वाट बांधली. ज्या दरींतून आपल्या घरच्यांना हांकलून दिलें गेलें तींतच दुसऱ्या देशाच्या घर हरवलेल्या माणसांना आसरा मिळाला. आणखी वर चढलें कीं सदुसष्ट दगडी पायऱ्यांचा एक लांबलचक जिना झाडींतून सरळ वर जातो, आणि माथ्यावरून सरोवर व उघडे डोंगर दिसतात. खालीं भिंतीच्या आंतील बागेंत कोबी, कांदे, सॅलड यांच्या वाफ्यांना फुलांच्या रांगांची किनार आहे.

१९२१ सालीं कॉर्नीलियाबाई वारल्या. पुढच्या यादवींत किल्ल्यांत कांहीं काळ सैनिकांचा तळ पडला. १९२९ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील आर्थर किंग्सली पोर्टर या कलेतिहासाच्या प्राध्यापकानें तो घेतला. १९३३ सालीं जवळच्या एका बेटावरून हे गृहस्थ नाहींसे झाले ते पुन्हां सांपडले नाहींत. शेवटचा धनी हेन्री मॅकइलहेनी. हा फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयांतील तज्ज्ञ. त्यानें १९३७ सालीं किल्ला विकत घेतला आणि बागांना आजचें रूप दिलें. याचे आजोबा याच परगण्यांतून, येथून थोड्याच मैलांवरील मिलफर्ड गांवाहून अमेरिकेस गेलेले. ज्या भागांतून आजोबा पोटासाठीं निघून गेले तेथें नातू किल्ल्याचा धनी होऊन आला, आणि त्यानें तो स्वतःपाशीं ठेवला नाहीं. १९७५ सालीं जमीन आयरिश सरकारनें घेतली, आणि किल्ला व बागा त्यानें पुढें राष्ट्राला देऊन टाकल्या. १९८४ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान सुरू झालें.

बागेची एक गोष्ट मात्र सांगावयाची राहिली. आडोशासाठीं लावलेल्या ऱ्होडोडेंड्रॉनपैकीं एक जात, पोंटिकम नांवाची, बागेच्या कुंपणांत राहिली नाहीं. ती जुन्या ओकच्या रानांत शिरली. तिच्या दाट, सदाहरित पानांखालीं प्रकाश पोंचत नाहीं, म्हणून ओकचें नवें रोप उगवत नाहीं आणि जुनें रान निपुत्रिक होऊन मरतें. उद्यानाचे कामगार तीं झुडुपें वर्षानुवर्षें उपटीत आहेत. एके काळीं जें शोभेसाठीं आणलें त्यानें मूळच्या रहिवाशांची जागा घेतली, आणि तें निस्तरण्याचें काम पुढल्या पिढ्यांच्या वांट्याला आलें.

डेरीव्हेच्या अन्यायाचा शेवट मात्र त्या दरींत झाला नाहीं. १८५० मध्यें मेयो परगण्यांत असेंच एक कुटुंब उठविलें गेलें होतें. त्यांतील चार वर्षांचा मुलगा इंग्लंडांत वाढला, अकराव्या वर्षीं गिरणींत त्याचा हात तुटला. तोच मायकेल डॅव्हिट १८७९ सालीं भूमिसंघ स्थापून जमीनदारीशीं झगडला. पुढच्याच वर्षीं मेयोंतल्या एका इस्टेटीचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट कुळांना उठवूं लागला, तेव्हां लोकांनीं त्याच्याशीं सर्व व्यवहार तोडले. त्याच्या नांवावरून एक नवा शब्द जगाला मिळाला. १९०५ नंतर लोकमान्यांच्या चतुःसूत्रींत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या शेजारीं जो बहिष्कार होता, त्याला आपले वक्ते पुष्कळदां याच परक्या नांवानें हांक मारीत. १८८१ चा कायदा आणि मग १९०३ चा कायदा यांनीं आयरिश कूळ हळूहळू आपल्या जमिनीचें धनी झालें. डेरीव्हेच्या माणसांना मात्र तें फळ चाखावयास मिळालें नाहीं.

परततांना मी किल्ल्याच्या मागील डोंगरांत गेलों. तेथें गवतांत बुडालेल्या, गुडघ्याएवढ्या दगडी भिंतींच्या कांहीं चौकटी अजून दिसतात. तेथें ना तिकीट, ना मार्गदर्शक. एका चौकटीच्या मधोमध चुलीची जागा ओळखूं येत होती. खालीं दरींत बाग फुललेली होती, आणि ती खरोखरच सुंदर होती. कोणीहि तेथें जावें, ती बाग मन भरून पाहावी. परंतु परतण्यापूर्वीं थोडें वर चढून त्या चुलीपाशींहि क्षणभर उभें राहावें, म्हणजे किल्ला पुरता पाहिला असें होईल.